हणमंताच्या मोरीवरचा सांधा

हणमंता,

दहाव्याला तुझ्या पुतण्यानं माईक माझ्या हातात दिला. म्हणाला, "आबा, दोन शब्द बोला. दादांचं तुमच्याएवढं जुनं माणूस दुसरं न्हाय." मी माईक धरला, समोरच्या माणसांकडं बघितलं आन परत दिला. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला रडू आलं. रडू बिडू काय आलं नव्हतं. मला सांगायला एकच गोष्ट येत होती, तुझ्या मोरीवरच्या गळक्या सांध्याची. ती मी गावात इतक्या वेळा सांगितली होती, की त्या दिवशी तोंडात घ्यावी वाटंना.

न्हाय सांगितली ते बरं झालं. तीन दिवसांनी ती गोष्ट खोटी निघाली. म्हणून लिहायला बसलोय. तिसरी शिकलेला माणूस मी, माझं अक्षर कसं हाय ते तुला म्हाईत हाय. पाच कागद फाडून झालं. आमची म्हातारी म्हणती, "एवढं काय लिवताय? मेलेलं माणूस वाचतंय व्हय?" तिला म्हणालो, तू तुझं काम बघ. पण तिचं बी खरं हाय. तू वाचणार न्हाईस. गाव वाचंल, तेवढ्यासाठी पहिल्यापासनं सांगतो.

तुझ्या बागायतीची पायपाची लाइन मी टाकली, तवा आपण दोघं तिशीतलं होतो. मी वालचंदनगरला कॉलनीतल्या क्वार्टरांची नळाची कामं करून हात बसवून आलो होतो. कळंबात तवा लोखंडी पायपाला आटे पाडणारा माझ्याशिवाय दुसरा कोण नव्हता. आमच्या वस्तीवर पहिला नळ मीच बसवला. आमच्या बापानं पाण्यासाठी दुसऱ्याच्या विहिरीवर ताटकळत उभं राहून जन्म काढला, आन मी घराघरात पाणी नेऊन सोडत होतो. ताठ्यात चालायचो मी. तू म्हणायचास, "किसना, तुझ्या मानेत पायप बसवलाय का रं?"

तुझ्या रानात महिनाभर काम चाललं. दुपारी बांधावर बसून एका फडक्यातली भाकरी दोघं खायचो. तू माझ्या तांब्यातनं पाणी प्यायचास, मी तुझ्या. कधी मनात आलं न्हाय तुझ्या, आन माझ्या बी. रानात आसंच असतं. मग गावात नळाची योजना आली, आन तू म्हणालास, "घरात बी तूच जोड."

बाहेरचं समदं मी जोडलं. अंगणातला नळ, न्हाणीचा नळ. शेवटी सैपाकघरातली मोरी राह्यली. मी पाना घेऊन उंबऱ्यापाशी आलो, आन तुझी आई आतनं म्हणाली, "हणमंता, त्याला म्हणावं दारातनंच सांग. आत पाण्याचं हाय."

एवढंच म्हणाली. ओरडली न्हाय, शिवी दिली न्हाय. साध्या आवाजात म्हणाली, जसं कुणाला सांगावं की चप्पल तिकडं काढ. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू खाली बघितलंस. मग हात पुढं करून माझ्या हातातला पाना घेतलास.

तो सांधा तू जोडलास, हणमंता. मी दारात उभा राहून सांगत होतो. "पायपाच्या आट्यांवर सूत गुंडाळ. उजवीकडनं गुंडाळ, आट्याच्या वळणानं. उलटं गुंडाळलंस तर पिळताना सुटून यील. वरनं सफेदा चोळ. आता पिळ. आजून पिळ." तू घामाघूम. मोरीपाशी उकिडवा बसलेला, पाना दोनदा निसटला, बोट चेंगारलं तुझं. अंगणातला कॉक सोडला. पाणी आलं. तुझी आई हसली. आन एल्बोच्या बुडाला, जिथं पायपाला वळण हाय तिथं, एक थेंब आला. मग दुसरा.

त्या दिवसापासनं तो थेंब गळत होता. चाळीस वर्षं झाली आसतील.

आन त्या दिवसापासनं माझं सुरू झालं. चहाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या पंगतीत. "हणमंतानं सूत उलटं गुंडाळलं. शेतकऱ्याला फडकं गुंडाळता येतं, सूत येत न्हाय." माणसं हसायची. पुढं पुढं गाव तुला गळका हणमंता म्हणायला लागलं. ग्रामपंचायतीत तू उभा राह्यलास तवा विरोधातली पोरं ओरडली होती, "गळक्याला मत देऊ नका." पडलास तू. मी तवा टपरीवर बसून हसलो होतो. तू बी हसलास, पण जरा उशिरानं.

तू मला एकच उत्तर द्यायचास. "मी उजवीकडनंच गुंडाळलं. तू दारात माझ्याकडं तोंड करून उभा. तुझी उजवी का माझी उजवी, ते सांग आधी."

"उजवी ती उजवी."

"मग मोरी माझ्या डावीला होती, त्याचं काय?"

आसं किती वर्षं भांडलो आपण. सुताच्या एका वळणासाठी. बारामतीच्या बाजारात तुझी भेंडी घेऊन गेलो होतो, तवा टेम्पोत बसून कळंबापासनं बारामतीपर्यंत हेच चाललं होतं. ड्रायव्हर म्हणाला, "आबा, तुमी दोघं उतरा, मी भेंडी एकटाच नेतो."

तू सांध्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला न्हाईस. तुझ्या सुनेनं सैपाकघरात फरशी केली, ओटा केला, पर मोरीवरचा तो लोखंडी तुकडा तसाच. खाली जर्मनचं पातेलं ठेवलेलं. भरलं की तुझी बायको, आमची वैनी, ते कढीपत्त्याला ओतायची. प्लास्टिकच्या पायपाची नवी पोरं आली, सोल्युशन लावून पाच मिंटांत सांधा करणारी. तू त्यांना बाकी समदं करू दिलंस. तो सांधा म्हणालास किसनाचा हाय.

मला म्हणायचास, "ये की एकदा. बघ की." मी म्हणायचो, "माझा हात त्या सांध्याला लागणार न्हाय." मी अंगणातल्या बाजेवर बसायचो. चहा बाहेरच घ्यायचो. दिवाळीला तू आतनं हाक मारायचास, मी उठायचो न्हाय. तुझ्या पोरीच्या लग्नाला मांडवात जेवलो, घरात न्हाय. आन तू? तू आमच्या घरी आलास की सरळ चुलीपाशी. टोपल्यावरचं झाकण उचलून, "वैनी, आज काय हाय?" आमची म्हातारी मला म्हणायची, "तो आपल्या चुलीपाशी बसून खातो, तुमाला त्याच्या दारातनं आत जायला काय होतं?" मी तिला गप केली. ती बी गप झाली, पर तिच्या पद्धतीनं. तुला वाढताना तूप जास्त टाकायची, माझ्या समोर.

तुझी आई गेली, तिच्या तेराव्याला तू मला दारातच धरलंस. डोकं भादरलेलं, डोळं सुजलेलं. म्हणालास, "आता तर ये आत."

मी म्हणालो, "आई गेली म्हणून येऊ? ती आसताना बोलावलं आसतंस तर आलो आसतो."

तू माझा हात सोडलास. त्या दिवशी मला वाटलं मी जिंकलो. आपल्यातलं खरं भांडण ते होतं, सुताचं नव्हतं. आई म्हणाली ते तिचं. ती जुनी बाई होती, तिला जेवढं दिसलं तेवढं तिनं केलं, आन चुकलंच तिचं. ते मी आजून सोडून देत न्हाय, देणार बी न्हाय. पर तू काय म्हणालास तिला? काय न्हाय. पाना घेतलास हातातनं. मला तुझ्या तोंडातनं एक शब्द पाहिजे होता. तू तो कधी दिला न्हाईस आन मी कधी मागितला न्हाय.

बारामतीच्या दवाखान्यात तुला बघायला आलो तवा बी मागितला न्हाय. सलाईन लावलेलं. नळीतनं थेंब थेंब पडत होता. तू डोळं उघडलंस आन म्हणालास, "किसना, हा बी गळतोय बघ. ह्याला बी मीच सूत गुंडाळलं म्हणशील."

नर्स हसली. मी बी हसलो. मग तू म्हणालास, "घरचा बघशील का रं एकदा?"

"बरा हो, मग बघू," म्हणालो मी.

बरा झाला न्हाईस.

तेराव्याच्या दिवशी दुपारी तुझी सून सुनंदा गाडीवरनं आली. डोक्याचा पदर खांद्यावर, चप्पल पाण्यानं चिंब. "आबा, सांधा सुटला. सैपाकघरात घोट्याएवढं पाणी हाय, घर पाहुण्यांनी भरलंय. टाकीचा व्हॉल्व बंद केलाय तर आता प्यायला बी पाणी न्हाय."

मी म्हणालो, "त्या प्लास्टिकवाल्याला बोलाव की."

"तो इंदापूरला कामावर हाय. आन आबा, मामांनी सांगून ठेवलंय. किसनआबाशिवाय कुणाचा हात लागू द्यायचा न्हाय."

"आन मी न्हाय आलो तर?"

ती थकलेली होती, हणमंता. तेरा दिवस माणसांचं करून करून थकलेली. म्हणाली, "तर मग तुमीच सांगा, मामांना मी काय सांगू?"

मी माळ्यावरनं पिशवी काढायला लावली. आठ वर्षं हात लावला नव्हता. पान्याला गंज, आटे पाडायच्या डायच्या हँडलला गंज. गुडघं तर कामातनं गेलेलं.

तुझ्या दारात चप्पल काढली. उंबरा बघितला. पाय आत टाकला.

काय झालं न्हाय. कुणी काय म्हणालं न्हाय. पाहुण्या बायका पाणी काढत होत्या, एकीनं "सरका गं, नळवाले आलेत" म्हणून वाट दिली. कुणाच्या ध्यानात बी नव्हतं. चाळीस वर्षं मी जो उंबरा धरून बसलो होतो, तो माझ्याशिवाय कुणाला दिसत नव्हता. मला तवा लई दमल्यासारखं झालं. वाटलं, हितंच खाली बसावं.

बसलो. मोरीपाशी, तू बसला होतास तसाच. सुनंदानं एक पाना धरला, मी दुसरा. एल्बो आधीच निसटला होता, उरलेला तुकडा भिंतीकडनं सोडवला. म्हणलं, आता बघू ह्याची गुंडाळी. मनात म्हणलं, सूत उलटं निघू दे, सुनंदाला दाखवतो.

सूत काळं पडलं होतं, सफेद्यानं दगड झालं होतं. पर वळण सरळ होतं. उजवीकडनं, आट्याच्या वळणानं, एकावर एक न चढता, काठापर्यंत. मी नखानं उकलून बघितलं. दोनदा बघितलं. माझ्या हाताची गुंडाळी एवढी चांगली न्हाय, हणमंता. कधीच नव्हती.

मग आटे बघितले. आसल्या सांध्यात सहा-सात आटे आत बसायला लागतात. हितं घासल्याची खूण तीनच आट्यांवर होती. तुकडाच तोकडा होता. नखाएवढा कमी. तू जीव खाऊन पिळलंस तरी तो पुढं जाणारच नव्हता. तीन आट्यांवर तू तो चाळीस वर्षं उभा धरला होतास, फक्त सूत चांगलं गुंडाळलंस म्हणून.

आन तुकडा मी कापला होता.

मी उभा होतो दारात, तू आत. मी विचारलं, "भिंतीपासनं नळापर्यंत किती हाय? वितीनं सांग." तू वीत टाकलीस. "दोन विती आन चार बोटं." मी अंगणात जाऊन माझ्या वितीनं मोजून तुकडा कापला, आटे पाडले. तुझा हात नांगर धरणाऱ्याचा, माझ्यापेक्षा मोठा. हे मला त्या वेळी बी कळत होतं. कॉलनीत साहेबांच्या क्वार्टरात मी कधी वितीनं मोजलं न्हाय. टेपनं मोजायचो.

टेप पिशवीत होता. तुझ्या हातात द्यायला दोन पावलं लागली आसती. मी दिला न्हाय. डोक्यात आग होती. म्हणलं, मला आत येऊ देत न्हाय ना, मग मोज वितीनं. राग तुझ्या आईवर होता, काढला तुझ्यावर. नळ बसला, थेंब आला, आन मी पहिलं वाक्य बोललो ते हेच, "सूत उलटं गुंडाळलंस."

त्या दिवशी टेपनं मोजलं. नवा तुकडा कापला. डाय फिरवताना दम लागला, सुनंदानं मधीमधी हँडल धरलं. नव्या सुतावर सफेदा लावून पिळला. व्हॉल्व सोडला. पातेलं खाली ठेवून आम्ही दोघं बघत बसलो. थेंब आला न्हाय. सुनंदा म्हणाली, "मामा आसते तर नाचले आसते." मी सामान भरलं आन कुणाशी न बोलता निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर गेलो. दहा-बारा माणसं होती. तुझी गोष्ट जिथं शेकडो वेळा सांगितली तिथंच सांगितलं. म्हणलं, "ऐका. हणमंताचं सूत बरोबर होतं. तुकडा मी तोकडा कापला. टेप आसून दिला न्हाय. चूक माझी होती."

टपरीवाला दत्तू म्हणाला, "आबा, दोस्ती आसावी तर आशी. मेलेल्या माणसाची चूक बी अंगावर घेतली."

"अरं, अंगावर घेत न्हाय. हायच माझी."

"बघा," दत्तू बाकीच्यांना म्हणाला, "आजून बी म्हणतोय माझीच. मोठं मन लागतं."

मी ओरडलो. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, साखर कमी घालून चहा दिला. संध्याकाळपर्यंत गावाच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, किसनआबांचं मोठं मन, आन खाली हात जोडलेले ते पिवळे पंजे. आयुष्यभर मी मानासाठी मरत आलो. ह्या वेळी नको होता, तर गाव पोत्यानं द्यायला लागलं.

म्हणून वैनीकडं गेलो. ती मधल्या खोलीत पांघरूण घेऊन बसली होती. म्हणलं, "वैनी, गाव काय म्हणतंय ते ऐकलं आसंल तुमी. पर ते खरं हाय. टेप होता माझ्याकडं."

"म्हाईत हाय भावजी," ती म्हणाली. "मी तवा अंगणात भांडी घासत होते. तुमची पिशवी माझ्या म्होरंच ठेवलेली. टेपची डबी वरच होती. ह्यांनी बी बघितली."

मी म्हणलं, "मग मागितला का न्हाय त्यानं?"

"मी बी हेच इचारलं. म्हणाले, कुठल्या तोंडानं मागू?"

वैनीनं पांघरूण नीट केलं. "गावानं गळका म्हणून हाक मारली की मला राग यायचा. मी म्हणायची, सांगा की एकदा टपरीवर, टेप होता म्हणून. तर म्हणायचे, त्याला त्या दिवशी मी दारात ठेवला. त्याचं एवढं तरी ऱ्हाऊ दे."

तुझ्याकडनं त्या शब्दाची मी चाळीस वर्षं वाट बघत होतो. तू तो तोंडानं दिला न्हाईस. तू गळका म्हणवून घेतलंस, निवडणुकीत पडलास, वर माझ्याशी उजव्या-डाव्यावर भांडलास, हसत. मी समोर बसून ते घेत राह्यलो, आन मला कळलं न्हाय काय घेतोय ते.

तू पाना हातात घेतलास त्याच दिवशी आईला एक शब्द बोलला आसतास, तर बरं झालं आसतं, हे मी आज बी म्हणीन. भांड माझ्याशी हवं तर. पर टेपचं सांगायचं काम माझं होतं. ते मी बांधावर, टेम्पोत, बाजेवर, दवाखान्यात, कुठंबी सांगू शकलो आसतो.

मी चुकलो, हणमंता. हे वाक्य मी आजपर्यंत कुणाला म्हणालो न्हाय, आमच्या म्हातारीला सुद्धा न्हाय. आता तू ऐकायला न्हाईस म्हणून ते सोपं गेलं आसंल, तर ती बी माझीच लबाडी हाय.